मॅडमना कशाला टेन्शन द्यायचं

चाकणहून एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. जागेअभावी थोडं कमी करून देते.

"ताई, मी मूळची कराडची, वय ३१. जपानी भागीदारी असलेल्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्या प्रेस शॉपमध्ये गाड्यांचे पत्र्याचे पार्ट निघतात. गेल्या वर्षापासून माझे वरिष्ठ एक जपानी साहेब आहेत. दिवाळीनंतर एका डायला, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याला, तडा गेला. आमच्या सगळ्यात जुन्या ऑपरेटरना, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते माझ्या दोन दिवस आधीच कळलं होतं. पण ते बोलले नाहीत. 'मॅडमना कशाला टेन्शन द्यायचं, टूलरूमवाल्यांकडून करून घेऊ' असं त्यांना वाटलं. मला कळलं तेव्हा मीही साहेबांना लगेच सांगितलं नाही. आधी दुरुस्त करू, मग सांगू, असा विचार केला. रात्री अकरापर्यंत थांबून डाय नीट करून घेतली. पण बर, म्हणजे कडेला खरखरीत टोकं, असलेले काही पार्ट तोवर कस्टमरकडे गेले होते आणि साहेबांना ते कस्टमरच्या मेलमधून कळलं. ते ओरडले नाहीत, काहीच बोलले नाहीत. तेव्हापासून मात्र रोज सकाळ-दुपार रिपोर्ट मागतात, स्वतः लाइनवर जाऊन उभे राहतात, मी सांगितलेलं पुन्हा तपासतात. मी चोर आहे का? रात्री थांबून केलेल्या कामाचं काहीच नाही? प्लांट हेड म्हणाले, 'ते लोक तसेच असतात, मनावर घेऊ नकोस.' मला मात्र झोप लागत नाही. जपानी माणसाचा आपल्यावर कधी विश्वास बसतच नाही का? की मी दुसऱ्या विभागात बदली मागू?"

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा साहेबांबद्दलचा मजकूर लक्षात राहिला. दुसऱ्यांदा वाचताना मामांच्या वाक्याशी थांबले. मामांनी तुम्हाला जे केलं, तेच तुम्ही साहेबांना केलं. मामांच्या मनात तुमच्याबद्दल खोट नव्हती आणि तुमच्या मनात साहेबांबद्दल नव्हती. दोघांनीही वरच्या माणसाला त्रास होऊ नये म्हणून तोंड मिटलं. तुम्हाला मामांचा राग आलेला पत्रात कुठे दिसत नाही. त्यांचं मन तुम्हाला कळतं, कारण तुम्ही दोघं एकाच रीतीत वाढलात. साहेब त्या रीतीत वाढलेले नाहीत. त्यांना त्या दिवशी एवढंच दिसलं की कारखान्यातली गोष्ट आपल्याला बाहेरच्या माणसाकडून कळली.

ही रीत वाईट आहे असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे मुलीची बारावीची परीक्षा चालू असताना आजोबांना दवाखान्यात हलवलं, तर शेवटचा पेपर होईपर्यंत तिला कुणी सांगत नाही. पुढे तिला कळतं तेव्हा ती चिडते, रडते, पण घरच्यांनी आपल्याला फसवलं असं तिला वाटत नाही. प्रेम आणि आदर दाखवण्याची ती आपली पद्धत आहे, आणि घरातून निघून ती आपल्यासोबत कारखान्याच्या गेटमधून आत येते. वरिष्ठांपुढे अडचण घेऊन जाणं म्हणजे त्यांच्यावर भार टाकणं, आणि निस्तरून मग सांगणं म्हणजे जबाबदारी, असं आपण लहानपणापासून शिकलेलो असतो. तुम्ही रात्री अकरापर्यंत थांबलात ते याच शिकवणीतून, आणि ते थांबणं खोटं नव्हतं. त्याची किंमत नाही असं कुणी म्हटलं तर मी भांडेन.

पण साहेबांच्या नजरेनं पाहा. त्यांच्या कारखानदारीत विश्वासाचा पाया दुसऱ्याच जागी घातलेला आहे. साकिची तोयोदा यांच्या १९२४च्या स्वयंचलित मागाची ख्याती अशी की धागा तुटला की तो आपोआप थांबायचा. सदोष कापड विणत राहण्यापेक्षा थांबणं बरं, हा विचार पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्यात माणसांच्या हातात दिला गेला. काही बिनसलं की लाइनवरचा साधा कामगार दोरी ओढतो, दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो, आणि ठरलेल्या वेळात सुटलं नाही तर लाइन थांबते. तुमच्या शॉपमध्येही तो दिवा असेल. तो लावणारा माणूस तिथे भरवशाचा समजला जातो. दोष दिसत असूनही जो लावत नाही, त्याच्याबद्दल शंका येते, मग त्यानं नंतर कितीही घाम गाळो.

हीच गोष्ट कचेरीतही आहे. जपानी कंपनीत रुजू झालेल्या नव्या मुलाला पहिल्या आठवड्यातच शिकवतात: झालं ते कळव, सगळ्यांना माहिती दे, अडलं की विचार. या तिन्हींचं मिळून केलेलं 'होरेन्सो' हे नाव तुम्ही ट्रेनिंगमध्ये ऐकलंही असेल. ते रूढ झालं ते यामाताने सिक्युरिटीज या कंपनीचे अध्यक्ष तोमिजी यामाझाकी यांच्यामुळे, १९८२ साली. आणि इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, जी आपल्याकडच्या ट्रेनिंगमध्ये सहसा सांगत नाहीत. यामाझाकींना कनिष्ठांना धाकात ठेवायचं नव्हतं. खालच्या माणसाला वाईट बातमीही मोकळेपणानं वर पोचवता यावी असं वातावरण वरिष्ठांनी तयार करावं, हा त्यांचा मूळ हेतू होता. पुढे जपानमध्येही त्याचं रूपांतर बऱ्याच ठिकाणी 'साहेबाला रिपोर्ट दे' एवढ्यावर येऊन थांबलं. तुमचे साहेब कोणत्या प्रकारातले, ते मला इथून सांगता येणार नाही. पण सकाळ-दुपार रिपोर्ट मागणं ही तुमच्या एकटीवर बसवलेली शिक्षा असेलच असं नाही. ओसाकातल्या नवख्या मुलाकडूनही त्यांनी तेच मागितलं असतं. लाइनवर जाऊन उभं राहणंही तसंच. जागेवर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं हा तिथल्या व्यवस्थापनाचा नेम आहे. आपल्याकडे साहेब यंत्राजवळ आला की कुणाची तरी चौकशी लागली असं वाटतं, म्हणून तुम्हाला ते झोंबतं.

हेर्ट हॉफस्टेडे या डच अभ्यासकानं १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांची मतं तपासली होती. त्याच्या मोजपट्टीवर अधिकारातलं, म्हणजे वरिष्ठ-कनिष्ठांतलं, अंतर मान्य करण्यात भारत ७७ आणि जपान ५४, तर अनिश्चिततेची अस्वस्थता यात जपान ९२ आणि भारत ४०. हे आकडे एकाच कंपनीतल्या लोकांचे आणि जुने आहेत, त्यावरून कुणा एका माणसाचा स्वभाव ठरवू नये. तरी तुमच्या प्रसंगाला ते बरेच लागू पडतात. तुम्ही अंतर राखलंत, त्यांना अनिश्चितता छळत राहिली. तडा गेलेली डाय त्यांनी सहन केली असती. काय चाललंय ते माहीत नसणं त्यांना सहन होत नाही.

आता तुमच्या प्लांट हेडबद्दल. 'ते लोक तसेच असतात' हे वाक्य त्यांनी तुमचं मन हलकं करायला म्हटलं, पण ते मनातून काढून टाका. ते एकदा पटलं की करण्यासारखं काही उरत नाही. शिवाय ते खरं नाही. 'ते लोक' नेहमी सगळं उघड सांगतात असंही नाही. २०१५ मध्ये तोशिबाचा हिशेबातला घोटाळा बाहेर आला तेव्हा चौकशी समितीनं नेमकं हेच लिहिलं की वरिष्ठांच्या इच्छेविरुद्ध जाता येत नाही अशी तिथली कार्यसंस्कृती होती. २०१७ मध्ये कोबे स्टीलनं मालाच्या तपासणीचे आकडे बदलल्याचं कबूल केलं. म्हणजे वरिष्ठांचा मान राखण्यासाठी वाईट बातमी दाबणं टोकियोतही चालतं आणि चाकणलाही.

उलट बाजूचंही एक उदाहरण आहे. कॅलिफोर्नियात फ्रेमाँट इथला जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी, भांडणं आणि खराब गाड्यांसाठी बदनाम होता. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तो पुन्हा उघडला, तेव्हा कामगारांत बहुतेक जुनेच होते आणि युनियनही तीच. काहींना जपानला नेऊन काम दाखवलं, दोरी त्यांच्या हातात दिली, आणि ओढल्यावर कुणी खेकसलं नाही. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा जपानमधल्या कारखान्यांच्या जवळ गेला. अमेरिकन कामगार काही जपानी झाले नव्हते. खरं बोलल्यावर आपलं काय होतं, याचा त्यांचा अनुभव बदलला होता. म्हणून 'जपानी माणसाचा आपल्यावर विश्वास बसतच नाही का' या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर 'बसतो' असं आहे. पण तो तुमच्या मेहनतीकडे पाहून बसेल अशी वाट पाहू नका. तोशिओ यामागिशी या जपानी सामाजिक मानसशास्त्रज्ञानं १९९४ मध्ये दाखवलं होतं की अनोळखी माणसावर विश्वास टाकण्यात सर्वसाधारण जपानी माणूस अमेरिकन माणसापेक्षा मागे असतो. जपानमध्ये माणसं दीर्घ, बांधलेल्या संबंधांच्या खात्रीवर चालतात. तुमच्या साहेबांना ती खात्री हवी आहे, आणि ती लहान लहान, वेळेवर आलेल्या खबरींतूनच तयार होते.

तेव्हा पहिलं काम असं करा. त्यांच्याकडे पंधरा मिनिटं मागा, मीटिंगमध्ये नको, एकट्यानं. एका कागदावर घटनाक्रम लिहून न्या: तडा कधी दिसला, डाय टूलरूमला कधी गेली, तुम्हाला कधी कळलं, कोणत्या लॉटमधले पार्ट बाहेर पडले आणि साहेबांना कळवायला किती तास उशीर झाला. हा शेवटचा आकडा तुम्ही स्वतः लिहा, त्यांनी काढायची वेळ आणू नका. माफी एकदा मागा, सारखी नको. रात्री अकरापर्यंत थांबल्याचं सांगायचं असेल तर घटनाक्रमातली एक ओळ म्हणून येऊ द्या, बचाव म्हणून नको. मामांचं नाव घेऊ नका. ऑपरेटरला माहीत होतं आणि त्याला सांगावंसं वाटलं नाही, एवढंच म्हणा, आणि का वाटलं नाही ते मी शोधते आहे असं सांगा. हे वाक्य ऐकून ते सरळ होऊन बसतील अशी माझी अटकळ आहे, कारण 'का' हा प्रश्न माणसाच्या नावापाशी थांबू द्यायचा नाही, हे त्यांच्याच शिकवणीत आहे.

त्यानंतर काही आठवडे त्यांनी मागायच्या आधी रिपोर्ट द्या. पाच ओळी पुरे, पण त्यातली एक तरी ओळ नकोशी असू द्या. गेज थोडं संशयास्पद वाटतंय, अमुक माणूस रजेवर आहे, पत्र्याचा नवा रोल अजून तपासायचाय, असं काहीही. सगळं उत्तम आहे असा रिपोर्ट त्यांना धीर देत नाही. मी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत बरीच वर्षं कर्मचारी विभागात काम केलं, आणि परदेशी साहेबांच्या तोंडून सगळ्यात जास्त ऐकलेली तक्रार कामाबद्दल नव्हती. 'मला शेवटी कळतं' ही होती. दोन महिन्यांत त्यांच्या फेऱ्या कमी झाल्या तर ठीक. नाही झाल्या तरी ते लाइनवर येतील तेव्हा तुम्ही त्यांच्या बाजूला जाऊन उभ्या राहा आणि मराठीत चाललेलं बोलणं त्यांना समजावून द्या. त्यांना अर्धं कळत नाही, आणि न कळणाऱ्या भाषेत चार माणसं हळू आवाजात बोलत असली की कुणालाही शंका येते.

आता मामा. खरं तर माझं मन इथेच जास्त गुंतलं आहे, कारण साहेब तीन-चार वर्षांत परत जातील आणि मामा राहतील. त्यांना केबिनमध्ये बोलावू नका. त्यांच्या प्रेसजवळ जा, शिफ्ट सुटायच्या जरा आधी. तडा तुम्हाला कसा ओळखू आला, हे आधी विचारा. आवाजावरून, की पार्टच्या कडेवर बोट फिरवून? ते माणूस आनंदानं सांगेल, आणि तुम्हाला शिकायलाही मिळेल. मग विचारा की पूर्वी कधी असं सांगायला गेल्यावर काय झालं होतं. माझा अंदाज आहे की काहीतरी झालेलं असणार. कधीतरी प्रेस थांबवली म्हणून प्रॉडक्शनच्या माणसानं सगळ्यांसमोर झापलं असेल, किंवा तासाचा आकडा पडला म्हणून इन्सेंटिव्ह गेला असेल. 'मॅडमना टेन्शन नको' यात माया आहेच, पण तिच्याखाली असा एखादा जुना अनुभवही दडलेला असतो.

जय बी. पी. सिन्हा या पाटण्याच्या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या आसपास भारतीय कामाच्या ठिकाणांचा अभ्यास करून एक गोष्ट मांडली. आपल्याकडे माणसं त्या वरिष्ठासाठी जीव तोडून काम करतात जो त्यांची काळजी घेतो आणि कामही चोख मागतो. नुसता मायाळू चालत नाही, नुसता कडकही चालत नाही. आणि अशा नात्यात माणसं स्थिरावली की मग त्यांना निर्णयात सामील करून घेता येतं. मला हे आपल्या मातीतलं शहाणपण वाटतं. मामांच्या मुलीच्या लग्नाला तुम्ही जाल, खंडेनवमीला त्यांच्या प्रेसला झेंडूची माळ घालताना शेजारी उभ्या राहाल, आणि त्याच हक्कानं त्यांना सांगाल की मामा, पुढच्या वेळी पहिला फोन मला, रात्री दोन वाजता असला तरी. ते ऐकतील, कारण सांगणारं माणूस त्यांचं आहे. फक्त ज्या दिवशी ते खरंच प्रेस थांबवतील, त्या दिवशी प्रॉडक्शनवाले आवाज चढवायच्या आत तुम्ही तिथे पोचलेल्या असायला हव्यात. तो एक दिवस चुकला तर पुढची कित्येक वर्षं त्यांच्याकडून काही कळणार नाही.

मामा कायम कामगार आहेत असं तुमच्या पत्रावरून दिसतं. पण तुमच्या लाइनवर कंत्राटी मुलंही असतील, मराठवाड्यातली, बिहारमधली, काही महिन्यांच्या करारावरची. त्यांच्याकडून निर्भयपणे दोष सांगण्याची अपेक्षा करताना जरा विचार करा. लाल दिवा लावला म्हणून ज्याचं कंत्राट पुढे वाढणार नाही, त्याला संस्कृतीचे धडे देणं अन्यायाचं आहे. मारुतीच्या गुडगावच्या कारखान्यात १९८०च्या दशकात साहेब आणि कामगार एकाच गणवेशात, एकाच कँटीनमध्ये जेवायला लागले तेव्हा देशभर त्याचं कौतुक झालं, आणि ते रास्त होतं. त्याच कंपनीच्या मानेसरच्या कारखान्यात २०१२ मध्ये हिंसाचार झाला, एका अधिकाऱ्याचा जीव गेला. त्या काळातल्या कामगारांच्या तक्रारींत कायम आणि कंत्राटी यांच्या पगारातली दरी हा एक ठळक मुद्दा होता. एकसारखा शर्ट ती दरी बुजवू शकला नाही. तुम्ही पगार ठरवत नाही हे मला ठाऊक आहे. पण दोष दाखवणाऱ्या कंत्राटी मुलाचं नाव नकोशा यादीत जाणार नाही, एवढं ठेकेदाराकडे आणि एचआरकडे तुम्ही लावून धरू शकता.

आणखी एक, जे तुम्हाला अवघड वाटेल. साहेबांनाही आपल्याबद्दल सांगा. सगळं तुम्हीच बदलायचं, हे मला मान्य नाही. पहिल्या भेटीत नको, थोडा सूर जुळला की. त्यांना सांगा की इथे माणसं दहा जणांच्या मीटिंगमध्ये वाईट बातमी सांगत नाहीत, पण यंत्राजवळ, चहाच्या वेळी, एकट्यानं विचारलं तर सांगतात. सांगा की तुम्ही काहीच न बोलता निघून गेलात की आमच्या माणसाला वाटतं, आपण कायमचे मनातून उतरलो. चूक झाली तर स्पष्ट सांगा, आणि काम चांगलं झालं तर तेही तोंडानं म्हणा, आम्हाला ते ऐकावं लागतं. त्यांनी त्या रात्रीबद्दल चकार शब्द काढला नाही याचं तुम्हाला वाईट वाटलं, हेही अशा वेळी शांतपणे सांगता येईल. काम चोख करणं हे त्यांच्याकडे गृहीतच धरलेलं असू शकतं. त्यांच्या गप्प राहण्यानं तुमची झोप उडाली आहे, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसेल.

बदलीबद्दल. आत्ता मागू नका. आत्ता मागितलीत तर ते प्रकरण तिथेच गोठेल आणि तुमच्या नावावर कायमचं राहील, त्यांच्याही मनात आणि तुमच्याही. ही बोलणी होऊ द्या, पुढचं कस्टमर ऑडिट होऊ द्या. त्यानंतरही रोजचा जाच तसाच राहिला, किंवा तो फक्त तुमच्याच वाट्याला येतो आणि बाकीच्या कुणाच्या नाही असं दिसलं, तर मात्र ती संस्कृतीची गोष्ट नाही, त्या माणसाची आहे, आणि ती सोसत बसायचं कारण नाही. तेव्हा बदली जरूर मागा. आणि मागायची ठरवलीत, तर प्लांट हेड आणि एचआरच्या आधी ते साहेबांना स्वतः जाऊन सांगा.